सासूबाईंची नथ तुमच्याशिवाय कोण ओळखणार?

पत्र

मी ६८ वर्षांची. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. घर म्हार्दोळच्या बाजूला, मागे कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, त्यामुळे घरात ओल कायमची. गेल्या पावसात माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली तर सासरच्या दीडेकशे फोटोंना बुरशी लागलेली. मुलगा मस्कतला असतो. त्याने सासूबाईंचा फोटो एका ॲपमध्ये घालून मिनिटाभरात 'नवा' करून पाठवला. नणंदेला दाखवला तर ती म्हणाली, "वहिनी, ही कोण गो?" नथ पुसली गेली होती, भुवईवरचा व्रण नव्हता. चवथीच्या जुन्या फोटोत तर गणपतीवर फळापानांची चौकट टांगतात त्या माटोळीतले सुपारीचे शिपटे, म्हणजे घड, जाऊन तिथे झेंडूची फुले आली. मग मीच शिकायचे ठरवले. क्लासला गेले, पण बाकी सगळी विशीतली मुले आणि शिकवणाऱ्याचा हात इतका भराभर चाले की मला वहीत लिहून घ्यायलाही जमेना. तीन दिवसांनी सोडले. एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, हात थोडा थरथरतो. मुलगा म्हणतो, "आई, कशाला डोळे फोडून घेतेस?" या वयात हे जमेल का, की नाद सोडू? सोबत माटोळीच्या मूळ फोटोचे स्कॅन पाठवते.

उत्तर

ताई, नमस्कार.

जमेल. नाद सोडू नका.

तुमच्या नणंदेचा तो प्रश्न मी दोनतीनदा वाचला. बुरशीच्या डागाखाली काय होते हे ॲपला कळण्याचा काही मार्ग नसतो. असंख्य चेहरे पाहून तयार झालेले ते यंत्र, वयस्क बाईचा चेहरा साधारण कसा असतो याचा अंदाज बांधते आणि तो अंदाज नीटनेटका रंगवून आपल्या हातात देते. गणपतीच्या डोक्यावर, लाकडी चौकटीला टांगलेला झुपका म्हणजे त्याच्या लेखी फुलेच. शिपटे म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेले नसते. सासूबाईंच्या भुवईवर व्रण कुठे होता, नथ कोणत्या घडणीची होती, त्या वर्षी माटोळीला काय काय बांधले होते, हे तुम्हाला ठाऊक आहे. मुलाला त्यातले निम्मे माहीत असेल, नातवंडांना काहीच नाही. सॉफ्टवेअर चार-सहा महिन्यांत हाताखाली येते. ही दुसरी माहिती कुठल्याच क्लासात मिळत नाही. हे काम तुम्हीच शिकावे असे मी म्हणतो ते एवढ्याचसाठी.

क्लास सुटला याचे वाईट वाटून घेऊ नका. तो क्लास लग्नाचे अल्बम आणि फ्लेक्स करून पोट भरू पाहणाऱ्या मुलांसाठी होता. त्यांना पन्नास हत्यारे लागतात, तुम्हाला पाच पुरतील. मी पणजीत एका वृत्तपत्राच्या छपाई विभागात तीसेक वर्षे काढली. सुरुवात डार्करूममध्ये झाली, आणि संगणकावर फोटो दुरुस्त करायला शिकलो तो पन्नाशीनंतर. तेव्हा मलाही भराभर शिकवणारेच भेटले. माझा हात बसला तो घरचे फोटो घेऊन बसलो तेव्हा.

आता ट्रंकेबद्दल, कारण संगणकाआधी ती महत्त्वाची. बुरशी ओल्या फडक्याने पुसू नका, फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, पाणी लागले की तो फुगतो आणि चेहराच फडक्याबरोबर निघून येतो. पाऊस सरेपर्यंत फोटो ट्रंकेतून काढून मोकळ्या हवेत, पण उन्हात नव्हे, सुटे सुटे ठेवा. हवा कोरडी झाली की नाकाला मास्क लावून, बाहेर सोप्यावर बसून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी हलकेच झाडा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकटच स्कॅन करा. ऐंशीच्या दशकातले ते चिकट पानांचे अल्बम तुमच्याकडेही असणार. त्यातला फोटो निघत नसेल तर दात साफ करायचा रेशमी दोरा फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू फिरवायचा. तरीही निघत नसेल तर पानासकट स्कॅन.

स्कॅन करताना ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, ठेवा. सहा बाय चार इंचांचा फोटो त्यात ३६०० बाय २४०० ठिपक्यांचा होतो, म्हणजे दुरुस्तीलाही पुरतो आणि पुन्हा मोठा छापायलाही. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण पुढे सांगतो. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल: खिडकीजवळ टेबल, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोच्या बरोबर समांतर. आपल्याकडचे पावसाळी ढगाळ दिवस या कामाला फार चांगले, प्रकाश सगळीकडे सारखा पडतो आणि चकाकी येत नाही. आणि फोटोची मागची बाजू विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेले साल, एखादे नाव. १९६१ पूर्वीच्या फोटोंवर पोर्तुगीज शिक्के सापडतात, आणि घरातल्या कुणालाही न आठवणारा काळ त्या एका शिक्क्यावरून ठरतो. मागची बाजूही स्कॅन करा.

त्यानंतर एकच नियम, आणि तो मोडू नका. मूळ स्कॅन कधीही उघडून त्यावर काम करायचे नाही. 'मूळ' नावाचा फोल्डर करा, त्याची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक मुलाकडे मस्कतला. काम करायचे ते 'काम' फोल्डरमधल्या प्रतीवर. माझ्या वडिलांचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो मी स्कॅन केला होता. भावाला पाठवायला तो लहान केला आणि सवयीने सेव्ह दाबले. वर्षभराने पुन्हा स्कॅन करायला गेलो तर कपाटाला वाळवी लागलेली. आज माझ्याकडे वडील आहेत ते नखाएवढे. जेपीजी फाइल प्रत्येक वेळी बदलून पुन्हा सेव्ह केली की थोडी थोडी खराबही होत जाते, तीही वेगळी गोष्ट. मूळ प्रत सुरक्षित असली की तुम्ही संगणकावर काय वाटेल ते बिघडवू शकता. कंट्रोल आणि झेड दाबले की एक पाऊल मागे. हे दोन बटणांचे जोडपे आधी पाठ करा, वर्गात मुलांकडून पहिला पाढा घोकून घेत होता तसे.

सॉफ्टवेअर म्हणून मी तुम्हाला जिंप सुचवतो. फुकट आहे आणि १९९० च्या दशकापासून चालू आहे. फोटोशॉप उत्तमच, पण त्याला दर महिन्याला पैसे मोजत राहावे लागते आणि तुमच्या कामाला ते लागणार नाही. एक सावधगिरी: जिंपची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली आणि यूट्यूबवरचे बरेचसे धडे आधीच्या २.१० चे आहेत. मेनू कुठे कुठे सरकले आहेत. धड्यात दाखवतात ते तुमच्या पडद्यावर दिसत नसेल तर चूक तुमची नाही, आवृत्ती तपासा. धडे बघताना सेटिंगमध्ये जाऊन वेग ०.७५ करा, शिकवणारा एकदम माणसात येतो. वहीत लिहून घ्या, पण त्याच्या शब्दांत नको, तुमच्या शब्दांत. 'लेव्हल्स' या नावापुढे 'मळकट फोटो उजळायचा तिथे' असे लिहिले की ते तुमचे झाले.

मोबाइलवरच बरे वाटत असेल तर स्नॅपसीड आहे, तेही फुकट. कापणे, सरळ करणे, थोडे उजळणे त्यात छान होते. चेहऱ्यावरची बारीक बुरशी मात्र बोटाने काढता येत नाही, बोट नथीपेक्षा मोठे असते.

पहिला आठवडा फक्त कापणे आणि वाकडा फोटो सरळ करणे. याहून जास्त काही करू नका, मन झाले तरी. दुसऱ्या आठवड्यात लेव्हल्स, आणि इथे मात्र मनसोक्त वेळ घालवा, कारण जुन्या फोटोचे निम्मे दुखणे इथेच बरे होते.

कलर्स मेनूत लेव्हल्स उघडले की एक डोंगर दिसतो. डावीकडचे टोक पूर्ण काळे, त्याचा आकडा ०. उजवीकडचे पूर्ण पांढरे, आकडा २५५. फोटोत ज्या छटेचे ठिपके जास्त तिथे डोंगर उंच. विटलेल्या फोटोत हा डोंगर मधेच गोळा झालेला असतो, दोन्ही बाजूंना सपाट मोकळे मैदान. म्हणजे फोटोत खरे काळे उरलेले नाही आणि खरे पांढरेही नाही, सगळेच राखाडी. डोंगराखाली तीन छोटे त्रिकोण आहेत. काळा त्रिकोण डोंगराच्या डाव्या पायथ्याशी आणा, पांढरा उजव्या पायथ्याशी. मधल्याला हात लावू नका अजून. तुमच्या माटोळीच्या स्कॅनवर मी हे करून पाहिले. काळा त्रिकोण ४८ वर आणि पांढरा २१० वर नेला, आणि गणपतीच्या मागची भिंत मागे सरली, समईची वात दिसू लागली, आणि चौकटीच्या उजव्या कोपऱ्यात जो नुसता गडद ठिपका होता त्याच्यात सुपाऱ्या वेगळ्या दिसल्या. शिपटे तिथेच होते, ताई, इतकी वर्षे. कुठलाही अंदाज न बांधता, जे फोटोत होते तेच फक्त ताणून वर आणले.

कृष्णधवल फोटोवर चहाच्या रंगाचे पिवळट डाग असतील तर रंगीत स्कॅनचा फायदा इथे कळतो. रंगीत स्कॅन लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा असतो, त्यांना चॅनेल म्हणतात. पिवळा डाग निळ्या चॅनेलमध्ये सगळ्यात गडद दिसतो आणि लाल चॅनेलमध्ये सगळ्यात फिका. कलर्समध्ये डीसॅच्युरेट, त्यात मोनो मिक्सर: लाल १, हिरवा ०, निळा ०. बरेच डाग एका झटक्यात जातात, ब्रश हातात न घेता.

तिसरी गोष्ट रंगाची, आणि तुमच्या बाबतीत मला तीच सगळ्यात जास्त सांगायची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो आता लालसर झालेले दिसतील. त्या कागदांतला निळसर रंग आधी उडायचा आणि लालसर मागे उरायचा. हा रंग दुरुस्त करताना माणूस साहजिकच आपल्या डोळ्यांवर विसंबतो. पण वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे होत जाते आणि निळा उजेड आत कमी पोचतो. हे इतके हळूहळू होते की आपल्याला कळत नाही. तुमचे तर एकाच डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे. करून पाहा: पांढरा कोरा कागद खिडकीपाशी धरा, आधी एक डोळा झाका, मग दुसरा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला कागद निळसर पांढरा दिसेल, दुसऱ्याला जुन्या पुस्तकाच्या पानासारखा. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याच्याही एकाच, उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, १९२३ मध्ये, आणि दोन डोळ्यांनी दिसणाऱ्या वेगवेगळ्या रंगांनी तो हैराण झाला होता. तेव्हा तुम्हाला रंग जुळवायला जड जात असेल तर त्याचा बुद्धीशी आणि कौशल्याशी काही संबंध नाही.

उपाय आकड्यांचा आहे. फोटोत जे नक्की पांढरे किंवा राखाडी होते असे काहीतरी शोधा. यजमानांचा पांढरा सदरा, चुन्याची भिंत, सिमेंटची पायरी. इथे पुन्हा तुमची आठवण कामी येते, कारण भिंत पांढरी होती की फिकट पिवळी हे तुम्हीच सांगू शकता. जिंपमध्ये कलर पिकर घ्या, शिफ्ट दाबून त्या जागी क्लिक करा. लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे दिसतील. रंग खरोखर राखाडी असेल तर तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. लाल २०५, हिरवा १७०, निळा १६२ असे काही दिसले तर लाल चढला आहे, मग डोळे काहीही म्हणोत. लेव्हल्सच्या खिडकीत तीन ड्रॉपर असतात, त्यातला मधला, राखाडीचा, घेऊन त्याच जागी एकदा क्लिक करा. बहुतेक वेळा फोटो तिथल्या तिथे शुद्धीवर येतो. साडीचा रंग वेगळा वाटला तर नणंदेला विचारा, पण पडद्यावर नव्हे, शक्य तर छापील प्रत दाखवून. आणि संगणकाचा नाइट लाइट बंद आहे ना हे आधी पाहा, तो चालू असला की सगळा पडदाच पिवळा होतो.

आता बुरशी. सासूबाईंचा फोटो पहिला घेऊ नका. आधी अशा फोटोवर हात साफ करा ज्यात आकाश आहे, भिंत आहे, अंगण आहे. महिनाभराने चेहऱ्याकडे या.

चेहरा कसा करायचा ते सांगतो. फोटो २०० टक्के मोठा करा. चित्राच्या लेयरची, म्हणजे थराची, डुप्लिकेट प्रत घ्या, फोटोवर त्याचीच झेरॉक्स ठेवावी तशी, आणि वरच्या प्रतीवर काम करा, म्हणजे चुकले तर तेवढा लेयर काढून टाकता येतो. डाग बुजवणारे हील हत्यार निवडा. ब्रश डागापेक्षा किंचित मोठा. डागाजवळचीच स्वच्छ त्वचा कंट्रोल दाबून क्लिक करून उचला, मग डागावर एक टिचकी. ब्रश ओढायचा नाही, एक टिचकी, एक डाग. तुमच्या थरथरत्या हातालाही हेच सोयीचे, टिचकीला स्थिर हात फार वेळ लागत नाही. गालासाठी गालाचीच त्वचा उचला, कपाळाची नको, उजेड वेगळा पडलेला असतो. आणि नथीपाशी, ओठांच्या कडेला, डोळ्यांच्या रेषेवर आलात की थांबा. तिथे डाग नेमका कुठे संपतो आणि सासूबाई कुठे सुरू होतात हे आधी मूळ फोटो भिंगाखाली धरून पाहा. ठरत नसेल तर डाग राहू द्या. भुवईवरचा व्रण डागासारखा दिसतो म्हणून तो कुणाच्याही हातून जाईल. तुमच्या हातून जाणार नाही.

ज्या जागी फोटो पूर्णच खाऊन गेला आहे, तिथे मी स्वतः काही भरत नाही. कुणी भरायचे ठरवले तर माझी हरकत नाही, पण मग फाइलच्या नावात 'अंदाजाने भरले' असे लिहावे. मुलाच्या ॲपने बनवलेला तो फोटोही फेकू नका, फक्त त्यावर 'ॲपने केलेला' हे लिहा आणि तो 'मूळ' फोल्डरमध्ये जाऊ देऊ नका. वीस वर्षांनी एखादी पणती तो उघडेल आणि तिला विचारायला कुणी नसेल.

शरीराची थोडी काळजी. बायफोकलमधून पडदा पाहायला मान वर करावी लागते आणि मान धरते. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्याचे अंतर मोजून सांगा आणि तेवढ्यासाठी वेगळा चष्मा करून घ्या. टचपॅड नको, माउस घ्या, त्याचा वेग कमी करा, मनगटाखाली घडी घातलेला टॉवेल ठेवा. एका बैठकीला अर्धा तास पुष्कळ झाला. पावसात लायट जाते तेव्हा लॅपटॉपच बरा, आणि कंट्रोल आणि एस अधूनमधून दाबत राहा. जिंप काम एक्ससीएफ फाइलमध्ये साठवते, त्यात तुमचे सगळे लेयर राहतात. दुसऱ्याला पाठवायला एक्स्पोर्ट करून जेपीजी काढा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे तो पुन्हा बारीक होतो.

मुलावर रागावू नका. तुमचे डोळे दुखू नयेत एवढेच त्याच्या मनात आहे. त्याला काम द्या: सॉफ्टवेअर बसवून दे, आयकॉन मोठे करून दे, हार्ड डिस्क निवडून दे, रविवारी व्हिडिओ कॉलवर माझा पडदा बघ. फक्त एक अट घाला, माउस माझ्याच हातात राहील. शेजारपाजारची कॉलेजातली मुलगी मदतीला येत असेल तिलाही हीच अट. मुले प्रेमाने माउस काढून घेतात, दोन सेकंदांत करून दाखवतात, आणि आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

आणि नणंदेला बोलवा. तुमच्यापेक्षा तिने ते घर आधी पाहिले आहे. एकेक फोटो पडद्यावर मोठा करून तिला विचारत जा: ही कोण, हा मागचा दरवाजा कुठला, हे कुणाचे लग्न. ती सांगेल ते लगेच फाइलच्या नावात साल, प्रसंग, माणसे अशा क्रमाने उतरवा, आणि फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने. बॉलपेन नको, त्याची रेघ पुढून उठते. दुरुस्ती नंतर कधीही होईल, ही चौकशी मात्र या चवथीला घर भरलेले असतानाच उरकून घ्या.

तुमचे स्कॅन मी लेव्हल्स लावून पुन्हा पाहतो आहे. शिपट्याच्या डाव्या हाताला, चिबडाच्या वर, पानांआड एक मोठे गोल फळ टांगलेले आहे. मला ते आधी नारळ वाटले, आता तोरिंजन, ते लिंबाच्या जातीचे मोठे फळ, वाटते. तुम्ही त्या वर्षी तिथे होतात. दोनशे टक्के मोठे करून पाहा आणि मला कळवा.